मंद आचेवर विझणारी गाडी

मैत्रिणींनो, गॅसची शेगडी मोठ्या आचेवर भरभरून पेटते, पण दुधासाठी आच बारीक केली की फुस्स करून विझते, असं तुमच्याकडे कधीतरी झालंच असेल. तेव्हा आपण काय करतो? बर्नर काढून त्याची भोकं टाचणीनं साफ करतो, कूलरचा वारा थेट ओट्यावर येतो का ते बघतो, नाहीच जमलं तर शेगडीवाल्याला बोलावतो. आच कायम मोठीच ठेवा आणि दूध उतू जाऊ द्या, असा सल्ला कुणी दिला तर त्याला आपण हसून स्वयंपाकघराबाहेर काढू. माझ्या गाडीच्या बाबतीत मात्र मी पाच महिने नेमका हाच उपाय करत होते, आणि तोही पैसे देऊन!

आमची गाडी म्हणजे माझ्या मामंजींची गाडी. १९९७ सालची, छोटी, लाल, कार्ब्युरेटरवाली. त्यांनी ती पोटच्या पोरासारखी सांभाळली. दर रविवारी धुणं, दर महिन्याला चाकातली हवा, आणि डिकीत एक जुनी वही, तिच्यात पेट्रोलचा थेंबन्‌थेंब लिहिलेला. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आमचे हे नोकरीनिमित्त गोंदियाला असतात. शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटेच्या रेल्वेनं जातात. त्यामुळे आठवडाभर गाडी माझ्याच हाती. सदरच्या घरापासून शाळा (मी अर्धवेळ शिकवते, सहावी-सातवीला मराठी आणि इतिहास), शाळेतून मंगळवारी बाजार, आणि आठवड्यातून दोनदा सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी धंतोलीत न्यायचं. ऑटोत चढता-उतरता त्यांना जीव नकोसा होतो. गाडीचं पुढचं सीट तेवढं त्यांना बरोबर जमतं, आणि खरं सांगायचं तर ते सीट त्यांचंच आहे. पंचवीस वर्षं त्या तिथेच बसल्या आहेत.

गेल्या मे महिन्यात त्रास सुरू झाला. रस्त्यावर गाडी छान पळायची. एल.आय.सी. चौकात सिग्नल लागला, मी गाडी थांबवली, की इंजिन आधी थरथरायचं, मग आचके द्यायचं आणि बंद. किल्ली फिरवली की लगेच सुरू, पण तोवर दिवा हिरवा झालेला, मागे हॉर्नचा गजर, आणि एखादा स्कूटरवाला शेजारून जाताना, "लेडीज ड्रायव्हर!" असं म्हणून मोकळा. गाडीचा दोष आणि बाईचा हात, यातला फरक रस्त्यावर कुणी करत नाही.

मे महिन्यात नागपूरला ४५ अंशांचं ऊन असतं, तेव्हा शेजारच्या काकांनी सांगितलं, "पेट्रोलची वाफ होते, दुसरं काही नाही." हे काही अगदीच खोटं नव्हे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोल खेचणारा पंप तापलेल्या इंजिनालाच लावलेला असतो. रणरणत्या उन्हात गाडी थांबली, वारा लागेनासा झाला की नळीतल्या पेट्रोलचे बुडबुडे होतात, आणि पंप द्रव पेट्रोलऐवजी वाफच खेचत बसतो. माझे मामा उन्हाळ्यात अमरावतीला निघाले की ओलं फडकं आणि पाण्याची बाटली पायाशी ठेवत आणि वाटेत गाडी थांबवून पंपावर ते फडकं गुंडाळत, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. म्हणून मीही फडकं ठेवलं. उपयोग शून्य. जून संपला, पाऊस आला, हवा गार झाली, गाडी बंद पडतच होती. मग लोक म्हणू लागले, पावसानं वायरिंग ओलं होत असेल. आमच्याकडे गाडीचं दुखणं ऋतूप्रमाणे बदलतं, पंचांग बघून सांगावं तसं!

तिसरं नाव इथेनॉलचं निघालं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. माझ्या गाडीच्या काळात ते नव्हतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि जुन्या रबरी नळ्या आणि वायसरांना ते मानवत नाही. तेव्हा वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या एकदा बदलून घेणं शहाणपणाचंच. मी घेतल्या. गाडीचं बंद पडणं तसंच राहिलं.

शेवटी एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मुलानं बॉनेट उघडलं, पेचकसनं एक स्क्रू दोन आटे फिरवला, इंजिनाचा आवाज चढला, आणि म्हणाला, "झालं ताई. स्लो कमी होता, वाढवला." पाय न लावता इंजिन ज्या मंद गतीनं चालू राहतं, त्याला गॅरेजच्या भाषेत 'स्लो' म्हणतात. अशा छोट्या गाडीत तो मिनिटाला साधारण ८०० ते ९०० फेऱ्यांचा असतो. मला केवढा आनंद झाला! आठ दिवस गाडी एकदाही बंद पडली नाही. नवव्या दिवशी पुन्हा पडली. पुन्हा गेले, पुन्हा स्क्रू. असं चारदा झालं. प्रत्येक वेळी "यात थोडं ब्रेक ऑइलपण कमी होतं, घातलं" असं म्हणून त्याचेही पैसे घेतले. हे वाक्य लक्षात ठेवा, बरं का. मी ठेवलं नव्हतं.

स्क्रू वाढवत गेल्यानं काय काय झालं ते ऐका. पेट्रोल जास्त जाऊ लागलं. मामंजींच्या वहीत मी आकडे लिहिते म्हणून तेवढं तरी कळलं. गिअर टाकताना खर्र आवाज यायचा. पाय सोडला तरी गाडी पुढे पुढे ओढायची. आणि घरी येऊन किल्ली बंद केली तरी इंजिन चार-पाच आचके देऊन मगच थांबायचं, जसं काही त्याला आणखी बोलायचं होतं. धाकटी म्हणाली, "आई, आजोबांच्या गाडीला उचकी लागली."

ह्यांनी फोनवर सांगितलं, "किती दिवस ओढणार आहेस? २०२७ मध्ये पुन्हा नोंदणीचं नूतनीकरण आलंच. भंगारात काढू." खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर. हे चुकीचं बोलत नव्हते. सासूबाई तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या उठून देवघरात गेल्या. त्यांचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जड जातं.

मग सप्टेंबरातला तो दिवस आला. आम्ही तिघी सदरच्या उड्डाणपुलावरून उतरत होतो. पुढे वाहनं थांबलेली दिसली म्हणून मी क्लच दाबला, ब्रेकवर पाय ठेवला, आणि इंजिन बंद! चालती गाडी, उतार, आणि पायाखालचा ब्रेक दगडासारखा. मी अक्षरशः सीटवरून उठून त्यावर उभी राहिले, हँडब्रेक ओढला, आणि पुढच्या ऑटोपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. सासूबाईंनी दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले होते. "बाप्पा!" एवढंच त्या म्हणाल्या. ऑटोवाल्यानं मागे वळून पाहिलं आणि तोही काही बोलला नाही. घरी आल्यावर माझे पाय इतके कापत होते की चहाचं आधण मी दोनदा ठेवलं.

आतापर्यंत मी गाडीचं बंद पडणं ही लाजेची गोष्ट समजत होते. त्या दिवशी कळलं, ही ब्रेकची गोष्ट आहे.

त्या रात्री मी मामंजींच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसले. मूल आजारी पडलं की डॉक्टर पहिलं विचारतात, ताप कधी येतो, सकाळी की संध्याकाळी, खाल्ल्यावर की उपाशीपोटी. गाडीचं कुणी मला असं विचारलंच नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. पुढचे पंधरा दिवस मी रोज लिहिलं. गाडी थंड होती की तापलेली, दिवे लागलेले होते का, पंखा चालू होता का, पाऊस होता का, आणि माझे पाय कुठे होते. गाडी अगदी हळू आणि जवळच्या जवळ चालवली, सासूबाईंना त्या दिवसांत ऑटोनेच नेलं. (आज विचारलंत तर सांगेन, तीही चालवायला नको होती.)

वहीतून एक गंमत पुढे आली. घरच्या पोर्चमध्ये गाडी वीस-वीस मिनिटं नुसती चालू ठेवली तरी बंद पडत नव्हती. पोर्च उघडा आहे म्हणून हे केलं. बंद गॅरेजमध्ये किंवा दार लावून इंजिन कधीही चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि माणूस गुंगीतच जातो. पी.यू.सी. करायला गेले तर तिथेही गाडी शहाण्यासारखी उभी. पेट्रोल गाडीची पी.यू.सी. तपासणी मंद गतीवरच होते. माझ्यासारख्या २००० सालापूर्वीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम इथवर मुभा आहे. दोन्ही आकडे बरेच खाली आले. म्हणजे मंद आचेवर गाडी बरी चालत होती! मग सिग्नललाच काय होत होतं?

उत्तर एका शुक्रवारी मिळालं. पुलाच्या चढावर वाहनांची रांग लागली होती. पाय दुखत होता म्हणून मी ब्रेक सोडून हँडब्रेक ओढला. पाच मिनिटं गाडी उभी, इंजिन घड्याळासारखं चालू. रांग हलली, पुढे पुन्हा थांबले, या वेळी पाय ब्रेकवर, आणि दहा सेकंदांत आचके सुरू. मी पाय काढला, इंजिन सावरलं. पुन्हा दाबला, पुन्हा थरथर. आणि खिडक्या बंद होत्या म्हणून एक नवीन गोष्ट ऐकू आली: ब्रेक दाबला की माझ्या पायाजवळून कुकरची शिटी बसताना येतो तसा बारीक 'सूंऽऽ' आवाज. पोर्चमध्ये आणि पी.यू.सी.वाल्याकडे गाडी हँडब्रेकवर असते. ब्रेकच्या पेडलवर कुणाचा पाय नसतो. सिग्नलला असतो.

ब्रेक आणि इंजिन यांचा काय संबंध, हे मला बी.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेत विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्यांनी प्रयोगशाळेतून एक सिरिंज आणली, पुढचं भोक माझ्या अंगठ्यानं दाबायला लावलं आणि मागचा दांडा ओढला. अंगठा आत ओढला गेला. "हेच तुझ्या ब्रेकचं बळ," त्या म्हणाल्या.

झालं असं आहे. इंजिन सतत हवा खेचत असतं. आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेच्या वाटेवरची झडप जवळजवळ मिटते, तरी इंजिन ओढतच राहतं, म्हणून आत जोरदार ओढ तयार होते. ही ओढ एका जाड रबरी नळीनं ब्रेकच्या मागे बसवलेल्या काळ्या गोल डब्यात नेलेली असते. बॉनेट उघडलंत तर ड्रायव्हरच्या बाजूला, आडव्या ठेवलेल्या पोळीच्या डब्यासारखा दिसेल, तोच ब्रेकचा 'बूस्टर'. आत मधोमध एक रबरी पडदा. आपण पेडल दाबलं की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते, दुसऱ्या बाजूला इंजिनाची ओढ असतेच, आणि बाहेरच्या हवेचा दाब पडद्याला ढकलून आपल्या पायाला मदत करतो. बेल्जियमच्या आल्बेर द्वांद्र नावाच्या इंजिनिअरनं १९२७ साली ही युक्ती काढली. एरवी बाईच्या पायानं गाडी थांबवणं किती जड गेलं असतं, ते मी पुलावर अनुभवलं.

आता हा पडदा फाटला तर? पेडल दाबताच बाहेरची हवा पडद्यातून आरपार सरळ इंजिनात. गाडी वेगात असते तेव्हा इंजिन इतकी हवा घेत असतं की ही वरची हवा लक्षातही येत नाही. दहा माणसांच्या वरणात वाटीभर पाणी जास्त पडलं तर कळत नाही. पण एका माणसापुरत्या वरणात तीच वाटी पडली तर पळीत नुसतं पाणी येतं. मंद गतीवर इंजिनाला पेट्रोलही चिमूटभरच मिळत असतं. त्यात आगंतुक हवा मिसळली की मिश्रण इतकं पातळ होतं की पेटतच नाही. इंजिन बंद. आणि इंजिन बंद म्हणजे ओढ बंद, ओढ बंद म्हणजे ब्रेकची मदत बंद. धड बूस्टरमध्ये इंजिन थांबलं तरी एक-दोन दाबांपुरती ओढ शिल्लक राहते. माझ्याकडे तीही नव्हती.

हे सगळं घेऊन मी मंगळवारी बाजारामागच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांचा हात पद्मिनीवर तयार झालेला. आपल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची ती गाडी. मुंबईतल्या शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा चाचांनी म्हणे दिवसभर कुणाशी धड बोलणं केलं नाही. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि म्हणाले, "बेटी, ही वही आधी दाखवली असती तर इतके स्क्रू फिरले नसते."

तरी लगेच हत्यार उचललं नाही. आधी घरातून कपड्यांना पाणी मारायची बाटली मागवली, इस्त्रीची. इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाशी, नळ्यांच्या तोंडांशी नुसत्या पाण्याचा फवारा मारत गेले. कुठे हवा शिरत असेल तर पाणी क्षणभर ती फट बुजवतं आणि इंजिनाचा सूर बदलतो. काही लोक हे पेट्रोल फवारून करतात. ते तापल्या इंजिनावर आगीला आमंत्रण आहे, कुणी करू लागलं तर हात धरा. सूर बदलला नाही. मग मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. थरथर सुरू झाली. तेवढ्यात त्यांनी बूस्टरकडे जाणारी जाड नळी फडक्यात धरून पकडीनं चिमटली, आणि इंजिन जागच्या जागी शांत झालं. सोडली, थरथर. चिमटली, शांत. तीनदा करून दाखवलं. "पाहा, गाडी ब्रेकच्या वाटेनं हवा घेऊन राहिली आहे," चाचा म्हणाले. इतकं स्वच्छ उत्तर मला सातवीच्या पेपरातही कधी मिळालेलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "ब्रेक ऑइल कमी होत होतं का?" मी म्हटलं, होत होतं, पण जमिनीवर कधी डाग पडला नाही. त्यांनी बूस्टरच्या तोंडावरचा भाग, ज्याला मास्टर सिलिंडर म्हणतात, तो सोडवला. मागून तेल ओघळलेलं होतं. म्हणजे पाच महिने मी घातलेलं ब्रेक ऑइल सिलिंडरच्या झिजलेल्या सीलमधून बूस्टरच्या पोटात जात होतं आणि तिथल्या पडद्याचं रबर खात होतं. बाहेर थेंब नाही, म्हणून शंका नाही. ब्रेक ऑइल हवेत उडून जात नाही, मैत्रिणींनो. ब्रेकचे लायनर झिजतात तशी त्याची पातळी वर्षाकाठी थोडीशी उतरते, पण महिन्या-महिन्याला घालावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंच आहे, आणि "घातलं" म्हणणाऱ्याला "गेलं कुठे?" हे विचारायचा हक्क आपला आहे. मी विचारलं नाही, ही चूक माझीच.

नवा बूस्टर, मास्टर सिलिंडर, जाड नळी आणि तिच्यातली एकमार्गी झडप, मजुरी धरून ५ हजारांच्या आसपास गेले. मी त्या स्क्रूवर आणि तेलावर पाच महिन्यांत दीडेक हजार उधळले होतेच. ब्रेकमधली एअर काढताना चाचांनी मला सीटवर बसवलं. "दाबा... धरा... सोडा." तासभर दाबून पाय भरून आला, पण पेडल आधी कसं पोकळ लागतं आणि हवा निघाल्यावर कसं भरीव लागतं, ते पायाला कळलं. सगळ्यात शेवटी त्यांनी तो बिचारा स्क्रू उलटा फिरवून स्लो जागेवर आणला. इंजिनाचा मूळचा बारीक आवाज ऐकून सासूबाई घरी म्हणाल्या, "ह्यांच्या वेळचा आवाज आला गं."

तुमच्या गाडीचं दुखणं हेच असेल असं नाही. मंद गतीवर बंद पडण्याची बरीच कारणं याहून साधी असतात. कार्ब्युरेटरच्या मंद गतीच्या बारीक जेटमध्ये कचरा, एअर फिल्टर धुळीनं माखलेला, प्लग काजळलेले, कुठली तरी छोटी रबरी नळी कडक होऊन तडकलेली. माझ्यासारख्या काही गाड्यांत कार्ब्युरेटरवर एक विजेची झडप असते. इंजिन बंद असताना किल्ली 'ऑन' केली की ती 'टक्' वाजते. नसेल वाजत तर पहिलं तिच्याकडे बघायला सांगा. २००० सालानंतर हळूहळू इंजेक्शनच्या गाड्या आल्या, त्यांत बहुतेक वेळा हवेच्या झडपेच्या घरात साचलेली काजळी किंवा मंद गती सांभाळणारी छोटी झडप चिकटलेली असते. ते साफ करण्याचं काम आहे, स्क्रू फिरवण्याचं नाही.

पण ब्रेकची एक परीक्षा प्रत्येकीनं घरी करावी अशी आहे, तिला हत्यार लागत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. पेडल चार-पाचदा दाबा, ते कडक होईल. आता ते दाबून धरा आणि तसंच इंजिन सुरू करा. पायाखाली पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं नाही तर बूस्टर मदत करत नाही. मग इंजिन दोनेक मिनिटं चालवून बंद करा आणि पुन्हा सावकाश दाबा. पहिला दाब मऊ, पुढचे एकेक कडक होत जायला हवेत. पहिलाच दाब दगड लागला तर ओढ टिकत नाही. आणि इंजिन चालू असताना ब्रेक दाबला की आवाज क्षणभर हलला तर चालतं, पण पाय धरून ठेवल्यावर थरथर वाढतच गेली किंवा पायाशी 'सूं' ऐकू आलं, तर त्याच दिवशी गाडी दाखवा. आपल्याला बूस्टर दुरुस्त करायचा नाही, फक्त गॅरेजमध्ये "ब्रेक दाबल्यावर बंद पडते" हे नेमकं वाक्य सांगायचं आहे. "सिग्नलला बंद पडते" असं मी पाच महिने सांगत होते.

आणि चालत्या गाडीत इंजिन कधी बंद पडलंच, तर ब्रेक पुनःपुन्हा सोडून दाबू नका, शिल्लक मदत त्यात संपते. एकदाच, दोन्ही पायांनी लागलं तरी चालेल, पूर्ण जोरानं दाबून धरा, सोबत हँडब्रेक. किल्ली काढू नका. बहुतेक गाड्यांत किल्ली काढली की स्टिअरिंग कुलूप लागून अडकतं.

शनिवारी हे आले. मी काही सांगितलं नाही, किल्ली हातात दिली आणि म्हटलं, जरा सीताबर्डीपर्यंत जाऊन येऊ. एल.आय.सी. चौकात सिग्नल लागला. ह्यांनी सवयीनं ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून इंजिन गुरगुरतं ठेवलं. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या (त्या दिवशी त्यांनी ह्यांच्यासाठी मला पुढे बसवलं होतं), "अरे, पाय काढ. ती राहते आता उभी." आणि राहिली. भंगाराचं काय ते २०२७ मध्ये बघू, असं ठरलं आहे.

इस्त्रीची बाटली मात्र चाचांनी ठेवून घेतली, फार कामाची आहे म्हणून. मी सध्या कपड्यांवर हातानंच पाणी शिंपडते.